चहाच्या पानातील तरतरी



सायंकाळच्या व्याख्यानाला निघण्यापूर्वी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी चहा झाला असेल. काहींनी तो घाईघाईने बशीत ओतून घेतला असेल, काहींनी वाटेवरच्या टपरीवर अर्धा कप मिळवला असेल. आणि ज्यांना तो मिळालाच नाही त्यांचे निम्मे लक्ष आमच्याकडे व निम्मे घड्याळाकडे असणार, हे आम्ही जाणून आहोत. चहाने तरतरी येते आणि त्याची वेळ चुकली की डोके दुखू लागते, हा अनुभव घरोघरचा आहे. या दोहोंचे कारण असलेल्या द्रव्याचे नाव कॅफीन. हे नावही आता सर्वांच्या तोंडी आहे. परंतु चहाचे झुडूप हे द्रव्य बनवते कसे, कशापासून बनवते, आणि मुळात बनवण्याच्या भानगडीत पडते कशाला, हे प्रश्न कप तोंडाला लावताना सहसा कोणाच्या मनात येत नाहीत. आज त्यांचाच विचार करावयाचा आहे. त्याच्या शेवटी एक व्यवहाराचा प्रश्नही उभा राहतो. झुडपातले हे द्रव्य काढून टाकावे की राहू द्यावे, असा तो प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

एका वस्तूची दोन नावे

कॅफीन प्रथम हाती लागले ते चहातून नव्हे, कॉफीतून. १८१९ साली रुंगे या तरुण जर्मन रसायनशास्त्रज्ञाने महाकवी गटे यांना एक प्रयोग करून दाखवला. बेलाडोना या विषारी वनस्पतीच्या अर्काने मांजराच्या डोळ्याची बाहुली कशी विस्फारते, असा तो प्रयोग होता. गटे खूश झाले आणि त्यांनी रुंगेच्या हाती कॉफीच्या बिया देऊन त्यांचेही पृथक्करण करण्यास सुचवले. त्या बियांतून जे पांढरे, कडू स्फटिक निघाले ते कॅफीन होय. पुढे १८२७ साली ऊद्री याने चहातून असेच स्फटिक काढले आणि त्यास 'थीन' असे नाव दिले. अकरा वर्षे ही दोन द्रव्ये निराळी समजली जात होती. १८३८ साली ती एकच असल्याचे सिद्ध झाले आणि 'थीन' हे नाव मागे पडले. तरीही 'कॉफीतले कॅफीन वाईट, चहातले निराळे' असे म्हणणारे लोक आजही भेटतात. त्यांना एवढेच सांगावयाचे की रेणू एकच आहे. फरक मात्रेचा आणि सोबतच्या इतर द्रव्यांचा आहे. या रेणूची रचना एमिल फिशर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उलगडली व तो प्रयोगशाळेत घडवूनही दाखवला. शर्करा आणि प्यूरीन या दोन वर्गांतील द्रव्यांवरील कामाबद्दल त्यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हा 'प्यूरीन' शब्द आपण ध्यानात ठेवू या. पुढची सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

पानात किती आणि कोठे

चहाच्या मळ्यात काम करणाऱ्या स्त्रिया झुडपाचे वाटेल ते पान खुडीत नाहीत. टोकाची कळी आणि तिच्या खालची दोन कोवळी पाने, एवढेच त्या घेतात. येथे कळी म्हणजे फुलाची नव्हे, न उलगडलेल्या पानाची. चांगल्या चहाची ही रीत फार जुनी आहे, आणि रसायनशास्त्राने तिला दुजोरा दिला आहे. वाळलेल्या वजनाच्या हिशेबाने टोकाच्या कळीत व पहिल्या पानात शेकडा सुमारे ३ ते ४ कॅफीन असते. फांदीवरून खाली उतरत जावे तसतसे ते कमी होत जाते. जून पानांत आणि देठांत ते बरेच कमी असते. म्हणजे जो भाग सर्वांत कोवळा, सर्वांत रसाळ, आणि म्हणून किडीला सर्वांत आवडावा असा, तेथेच झुडूप या कडू द्रव्याचा सर्वांत अधिक साठा करते. ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

हा साठा झुडपाला फुकट पडत नाही. कॅफीनच्या एका रेणूत कार्बनचे ८, हायड्रोजनचे १०, नायट्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे २ अणू असतात. वजनाने पाहिल्यास कॅफीनचा शेकडा २९ भाग नायट्रोजन, म्हणजे आपला नत्र, असतो. एक किलो कोरड्या चहात ३० ग्रॅम कॅफीन धरले तर त्यात ९ ग्रॅमच्या आसपास नत्र गुंतलेला असतो. युरियाच्या भाषेत बोलायचे तर १९ ग्रॅम युरियाइतका. नत्राची किंमत काय असते हे शेतकऱ्यास सांगावयास नको. जमिनीतून मोठ्या कष्टाने ओढून घेतलेले हे धन, जे प्रथिने बनवण्यास आणि वाढीस लावता आले असते, ते झुडूप या द्रव्यात घालते. वनस्पती उधळी नसते. तेव्हा या खर्चामागे काही तरी हिशेब असला पाहिजे.

कच्चा माल

आता हा रेणू कशाचा बनतो ते पाहू. प्यूरीन म्हणजे एकमेकांस चिकटलेली दोन कडी, एक षट्कोनी व एक पंचकोनी. दोहोंमध्ये मिळून नायट्रोजनचे चार अणू. हा सांगाडा चहाचा खास असा मुळीच नाही. तो गवताच्या पात्यात आहे, आपल्या रक्तात आहे, पावावरच्या बुरशीतही आहे. आनुवंशिकतेचा लेख ज्या चार अक्षरांत लिहिलेला असतो त्यांपैकी अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन ही दोन अक्षरे प्यूरीनच आहेत. पेशीतील शक्तीचे चलन म्हणून ज्याला ओळखतात ते एटीपी हेही अ‍ॅडेनीनवरच उभे आहे. सारांश, ज्या मातीतून प्रत्येक सजीव आपल्या घराच्या विटा पाडतो, त्याच मातीचे चहाचे झुडूप हे भांडे घडवते.

पेशीतील अ‍ॅडेनीन किंवा ग्वानीन असलेल्या घटकांत थोडे फेरफार होऊन त्यांपासून झँथोसीन नावाचे द्रव्य तयार होते. झँथोसीन म्हणजे झँथीन हे प्यूरीन आणि त्याला जोडलेला एक साखरेचा रेणू. येथपर्यंतचा रस्ता इतर वनस्पतींतही असतो. इतर वनस्पती झँथोसीन पुढे मोडून टाकतात आणि त्यातील नत्र पुन्हा वापरात आणतात. चहाचे झुडूप मात्र येथे हमरस्ता सोडून आपल्या खासगी पाऊलवाटेला लागते.

तीन खिळे

या पाऊलवाटेवर मुख्य काम एकच आहे. त्या सांगाड्यावर ठरलेल्या तीन जागी तीन मिथिल गट बसवायचे. मिथिल गट म्हणजे कार्बनचा एक अणू आणि हायड्रोजनचे तीन, एवढाच लहानसा तुकडा. सुताराने फळीवर तीन जागी खिळे ठोकावेत तसे हे काम आहे, आणि ते ठोकणारे कारागीर म्हणजे एंझाइम नावाची प्रथिने.

कामाचा क्रम असा आहे. सांगाड्यावरील जागांना शास्त्रज्ञांनी क्रमांक दिलेले आहेत. पहिला खिळा ७ क्रमांकाच्या जागी बसतो. आणि तो बसतो तेव्हा साखरेचा रेणू अद्याप चिकटलेलाच असतो. खिळा बसल्यावर साखर गळते. राहिलेल्या द्रव्याला ७-मिथिलझँथीन म्हणतात. मग दुसरा खिळा ३ क्रमांकाच्या जागी बसतो आणि थिओब्रोमीन तयार होते. हे नाव काहींच्या परिचयाचे असेल. कोकोच्या बियांतील, म्हणजे चॉकलेटमधील, मुख्य कडू द्रव्य तेच. शेवटी तिसरा खिळा १ क्रमांकाच्या जागी बसतो आणि कॅफीन सिद्ध होते. म्हणजे चहाच्या पानातील प्रत्येक कॅफीनचा रेणू तयार होण्यापूर्वी काही काळ थिओब्रोमीन असतो. चहा कॅफीनपाशी पोचतो तो कोकोच्या दारावरून, असे म्हटले तरी चालेल.

यातील दुसरा आणि तिसरा असे दोन्ही खिळे ठोकणारा कारागीर एकच आहे, ही गोष्ट विशेष आहे. त्याला कॅफीन सिंथेज असे नाव आहे. हे काम चालते पानाच्या पेशींतील हरितलवकांत, म्हणजे जेथे सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पानाचे अन्न तयार होते त्याच कोठारांत.

खोक्याचे फडताळ

खिळे येतात कोठून, हा प्रश्न येथे येतोच. सर्व सजीवांत मिथिल गट पोचवणारा एक सार्वत्रिक हमाल आहे. त्याचे लांबलचक नाव एस-अ‍ॅडेनोसिल-मिथिओनीन असे असून शास्त्रज्ञ त्यास लाडाने 'सॅम' म्हणतात. नावावरूनच दिसेल की यात दोन भाग आहेत. एक मिथिओनीन हे अमिनो अम्ल, आणि दुसरा अ‍ॅडेनोसीन, म्हणजे अ‍ॅडेनीन व साखर यांची जोडी. मिथिल गट देऊन झाला की हा हमाल रिकामा होतो आणि त्याचे दोन भाग सुटे होतात. मिथिओनीनचा राहिलेला भाग नवा मिथिल गट घेऊन पुन्हा कामाला लागतो. पण अ‍ॅडेनोसीनचे काय होते?

पूर्वी आपल्याकडे वाण्याच्या दुकानात चहा मोठ्या लाकडी खोक्यांतून येई. चहा संपला की ते खोके कोणी टाकून देत नसे. त्याच्या फळ्या काढून घरोघरी पुस्तकांचे फडताळ होई. चहाच्या पानातही हाच प्रकार चालतो. ज्या खोक्यातून खिळे आले त्या खोक्याच्याच फळ्या काढून झुडूप त्यांचा सांगाडा करते आणि त्याच खोक्यातले खिळे त्यावर ठोकते. सुटे झालेले अ‍ॅडेनोसीन हे प्यूरीनच असल्यामुळे त्याचे झँथोसीन होऊ शकते, आणि झँथोसीनपासून कॅफीन. एका कॅफीनला तीन मिथिल गट लागतात, म्हणजे तीन 'सॅम' रिकामे होतात, म्हणजे तीन अ‍ॅडेनोसीन सुटतात; आणि सांगाड्यास लागते एकच. तेव्हा या वाटेने माल कमी पडण्याचा प्रश्नच नाही. ही वाट चहाच्या पानात खरोखर वापरली जाते हे जपानी संशोधकांनी २००१ साली दाखवून दिले. अर्थात हा एकच मार्ग आहे असे नाही. पेशीतील इतर प्यूरीनेही या कामी येतात.

हे कळले कसे

श्रोत्यांपैकी कोणी विचारील की पेशीच्या आत, डोळ्यांस न दिसणाऱ्या रेणूंत, कोणता आधी व कोणता नंतर हे कळले कसे? धनगर आपल्या मेंढ्यांच्या पाठीवर रंगाची खूण करतो, मग त्या कोणत्याही कळपात मिसळल्या तरी ओळखू येतात. शास्त्रज्ञांची खूण म्हणजे किरणोत्सर्गी कार्बन. असा कार्बन असलेले अ‍ॅडेनीन कोवळ्या पानांच्या तुकड्यांना पाजायचे, ठरावीक वेळाने ते तुकडे कुटून त्यातील द्रव्ये वेगळी करायची आणि खूण कोणत्या द्रव्यात पोचली ते मोजायचे. जे द्रव्य आधी खूण दाखवील ते वाटेवरचे, जे मागाहून दाखवील ते मुक्कामाचे. १९७५ साली सुझुकी आणि ताकाहाशी या जपानी संशोधकांनी पुढचे पाऊल टाकले; पानांच्या अर्कातच, पेशीच्या बाहेर, हे मिथिल गट बसवण्याचे काम चालवून दाखवले. पुढे मिसाको काटो, हिरोशी आशिहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅफीन सिंथेज हे एंझाइम शुद्ध स्वरूपात मिळवले व २००० साली त्याचे जनुक हुडकून काढल्याचे प्रसिद्ध केले. ते जनुक एका साध्या जिवाणूत घातल्यावर जिवाणूही ते एंझाइम बनवू लागला. कारागिराची ओळख अशा रीतीने पक्की झाली.

या संशोधनातून आणखी एक गोष्ट कळली, आणि वसंतातील व्याख्यानात ती सांगणे उचितच होईल. जपानात चहाला वर्षाचा नवा फुटवा वसंतात येतो. त्या कोवळ्या पानांत कॅफीनचे काम जोरात चालू असते. तेच पान उन्हाळ्यात जून झाले की हे काम जवळजवळ थांबते. आधी बनलेले कॅफीन मात्र पानात टिकून राहते, कारण ते मोडण्याची पहिली पायरी, म्हणजे एक मिथिल गट काढून थिओफायलीन करण्याची क्रिया, चहाच्या पानात अत्यंत मंद असते. बनते भराभर आणि मोडते सावकाश. म्हणून साठा होतो.

हा खटाटोप कशासाठी

आता 'कशासाठी' या प्रश्नाकडे वळू. बराच काळ असा समज होता की अशी द्रव्ये म्हणजे वनस्पतीचा केरकचरा, आपल्याकडील युरिक अम्लासारखा. पण केरकचरा कोणी मुद्दाम सर्वांत कोवळ्या पानात नेऊन ठेवीत नाही, आणि तो बनवण्यास खास कारागीर नेमीत नाही. १९८४ साली जेम्स नेथनसन या अमेरिकन संशोधकाने चहाची व कॉफीची पूड, तसेच शुद्ध कॅफीन, तंबाखूवरील अळ्यांच्या खाण्यात मिसळून पाहिले. वनस्पतींत प्रत्यक्ष आढळते तेवढ्या प्रमाणातही अळ्यांचे खाणे मंदावले आणि मात्रा वाढल्यावर त्या मेल्या. २००२ साली हवाई बेटांतील संशोधकांना कॅफीनच्या द्रावणाने गोगलगाई मरतात असे आढळले.

त्याहून बोलका प्रयोग जपानात झाला. कॉफीच्या झाडातील मिथिल गट बसवणाऱ्या तीन एंझाइमांची जनुके तंबाखूच्या रोपात घालण्यात आली. तंबाखूच्या पानात कॅफीन कधीच नसते. या रोपांत ते बनू लागले. मग पाने खाणाऱ्या अळीपुढे साधे पान आणि कॅफीन असलेले पान अशी दोन ताटे वाढली, तेव्हा तिने साधे पान फस्त केले आणि दुसऱ्याकडे पाठ फिरवली. ही तीच अळी, जी महाराष्ट्रात सोयाबीनपासून कोबीपर्यंत अनेक पिकांवर शेतकऱ्यास छळते. कॅफीन हे वनस्पतीचे हत्यार आहे, या मतास अशा प्रयोगांनी चांगला आधार मिळाला.

मात्र हत्यार आहे म्हणजे किल्ला अभेद्य आहे असे नव्हे. कोकणात काजूच्या मोहोरावर आणि कोवळ्या पालवीवर पडणारा ढेकण्या आपल्यास ठाऊक आहे. त्याचाच एक भाऊबंद आसामात आणि दक्षिणेत चहाच्या नेमक्या त्याच कोवळ्या शेंड्यांतील रस शोषतो. कॉफीची बी पोखरणाऱ्या भुंगेऱ्याने तर निराळीच सोय केली आहे. त्याच्या आतड्यातील जिवाणू कॅफीन पचवून टाकतात, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. ज्याला उपाय सापडला तो आत शिरतो. इतर हजारो कीटक बाहेर राहतात. झुडपाला तेवढे पुरते.

आणि एकाच द्रव्याची दुसरीही बाजू आहे. कॉफीच्या व लिंबूवर्गातील झाडांच्या फुलांच्या मधुरसात कॅफीन अगदी अल्प प्रमाणात असते. एवढ्या मात्रेने मधमाशी पळत नाही. उलट त्या फुलाचा वास तिच्या अधिक काळ स्मरणात राहतो, असे २०१३ साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवले. पानात शत्रूला हाकलायचे आणि फुलात मित्राला पुन्हा बोलवायचे, ही दोन्ही कामे मात्रेच्या फरकाने साधतात.

अनेक घरी एकच युक्ती

चहा, कॉफी, कोको, दक्षिण अमेरिकेतील माते आणि ग्वाराना, आफ्रिकेतील कोला. यांपैकी बहुतेक झाडे एकमेकांची जवळची नातेवाईक नाहीत. मग या सर्वांना कॅफीनची विद्या एकाच पूर्वजाकडून मिळाली काय? तर नाही. २०१४ साली कॉफीच्या संपूर्ण जनुकसंचाचे वाचन झाले, तेव्हा असे दिसले की कॉफीतील कॅफीन बनवणारी एंझाइमे चहाच्या एंझाइमांपासून स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली आहेत. एकाच घराण्यातील निरनिराळे कारागीर निरनिराळ्या गावी गेले आणि प्रत्येकाने आपापल्या परीने तोच धंदा काढला, असा हा प्रकार आहे. या घराण्याचे मूळ काम दुसऱ्याच लहान रेणूंना मिथिल गट लावण्याचे होय. दुखऱ्या गुडघ्याला चोळण्याच्या मलमाला जो उग्र वास येतो तो विंटरग्रीन तेलाचा; ते द्रव्य वनस्पतीत याच घराण्यातील एक एंझाइम बनवते. एकच युक्ती इतक्या घरी पुन्हा पुन्हा सुचली, याचा अर्थ ती उपयोगी असली पाहिजे.

कॅफीन नसलेले झुडूप

आता आम्ही सुरुवातीस सांगितलेल्या व्यवहाराच्या प्रश्नाकडे येतो. अनेकांना चहा हवा असतो, पण कॅफीन सोसत नाही. कोणाची झोप उडते, कोणाच्या छातीत धडधडते, आणि गरोदर स्त्रियांना तर ते बेतानेच घेण्याचा सल्ला दिला जातो. तयार चहातून कॅफीन काढण्याच्या रीती आहेत, पण त्यांत चहाचा स्वादही काही अंशी जातो. मग झुडपानेच ते बनवू नये अशी व्यवस्था का करू नये?

निसर्गाने असे एक झुडूप केलेले आहे. दक्षिण चीनमधील ग्वांगडोंग प्रांतात चहाच्याच कुळातील एक जात आढळते. तिला 'कोको चहा' म्हणतात. तिच्या पानात थिओब्रोमीन भरपूर, पण कॅफीन जवळजवळ नाही. कारण उघड आहे. तिच्या पानातील कारागीर दुसरा खिळा ठोकतो, तिसरा ठोकीत नाही. मनुष्यानेही प्रयत्न केले आहेत. २००३ साली जपानात कॉफीच्या रोपांतील एका जनुकाचा आवाज दाबून त्यांतील कॅफीन शेकडा ७० पर्यंत घटवण्यात आले. आपल्या देशातही हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथील संशोधकांनी चहाच्या रोपातील कॅफीन सिंथेजचे जनुक याच पद्धतीने दाबून कॅफीन कमी केल्याचे २०११ साली प्रसिद्ध केले.

विद्या म्हणून हे काम मोठे आहे, यात शंका नाही. पण येथे थोडे थांबून विचार करावा असे आम्हांस वाटते. कॅफीन हे जर झुडपाचे हत्यार असेल, तर ते काढून घेतल्यावर त्याचे रक्षण कोणी करावयाचे? मळेवाल्याने, आणि तो ते फवारणीच्या पंपानेच करणार. चहाची पाने खुडल्यावर भाजीसारखी धुतली जात नाहीत. ती सुकवली, मळली, वाळवली जातात आणि पुड्यात भरली जातात. त्यांना पहिले पाणी लागते ते आपल्या पातेल्यात. तेव्हा झुडपाचे स्वतःचे विष, ज्याची मात्रा व परिणाम आपण दोनशे वर्षे अभ्यासले आहेत, ते काढून त्याच्या जागी बाहेरचे विष आणावयाचे, हा सौदा फायद्याचा ठरेलच असे नाही. आणि पंप पाठीवर घेणारा मजूरही माणूसच आहे. असे झुडूप लावूच नये असे आमचे म्हणणे नाही. कमी किडीच्या थंड, उंच प्रदेशात ते कदाचित चांगले निभावेल. परंतु आधी त्याच्या कोवळ्या शेंड्यांवर कोण कोण येऊन बसते ते काही वर्षे पाहावे, आणि मग मळेच्या मळे लावावेत, एवढाच आमचा आग्रह आहे.

आपल्या कपात

तोवर उपाय आपल्या हाती आहे, तो मात्रेचा. एका पूर्ण कपाला दोन ग्रॅम चहा पूड धरली आणि तिच्यात शेकडा ३ कॅफीन धरले, तर कपात जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम कॅफीन येईल. युरोपातील अन्नसुरक्षा मंडळाने २०१५ साली निरोगी प्रौढास दिवसाला ४०० आणि गरोदर स्त्रीस २०० मिलिग्रॅमपर्यंतची मर्यादा सांगितली आहे. हिशेब ज्याचा त्याने करावा. चहाच्या गडद रंगावरून मात्र तो करू नये. रंग कॅफीनचा नाही, कॅफीनला रंगच नसतो. रंग येतो तो पान मळल्यावर हवेच्या संयोगाने बनणाऱ्या निराळ्या द्रव्यांचा. म्हणून फिकट दिसणाऱ्या हिरव्या चहात कॅफीन नसते ही समजूत खरी नाही. दोन्ही चहा एकाच झुडपाचे आहेत. तसेच कॅफीन उकळत्या पाण्यात चटकन उतरते, आणि आधण फार वेळ खदखदवल्याने वाढतो तो मुख्यतः तुरटपणा.

हे कॅफीन आपल्या शरीरात काय करते? दिवसभराच्या कामाबरोबर मेंदूत अ‍ॅडेनोसीन साठत जाते, आणि ते ठरावीक जागी बसले की झोप येऊ लागते. कॅफीनची ठेवण अ‍ॅडेनोसीनशी मिळतीजुळती असल्यामुळे ते त्याच जागी जाऊन बसते, पण झोपेचा निरोप मात्र देत नाही. एस.टी.च्या गर्दीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी, तसे हे आहे. रुमाल काही प्रवास करीत नाही, पण खऱ्या उतारूला बसू देत नाही. येथे एक गोष्ट लक्षात यावी. झुडपाने ज्या अ‍ॅडेनोसीनच्या फळ्या काढून हा रेणू घडवला, तोच रेणू आपल्या डोक्यात जाऊन अ‍ॅडेनोसीनचीच जागा अडवतो. दोघांचा सांगाडा एक आहे, म्हणूनच हे घडते. आणि म्हणूनच कॅफीनने थकवा जात नाही, तो फक्त खोळंबतो. सुमारे पाच तासांनी निम्मे कॅफीन शरीरातून जाते, रुमाल उचलले जातात, आणि उभे राहिलेले उतारू एकदम बसून घेतात. गरोदरपणी ते जाण्यास याहून बराच अधिक वेळ लागतो, आणि तान्ह्या बाळाच्या शरीरात तर ते कित्येक दिवस रेंगाळते. लहान मुलांच्या बशीत कौतुकाने चहा ओतणाऱ्या आजी-आजोबांनी एवढे ध्यानात ठेवावे.

सारांश, चहाच्या झुडपाने एक हत्यार घडवले ते अळीसाठी. सर्व सजीवांकडे असलेल्या मालातूनच ते घडवले, म्हणून ते आपल्यालाही लागू पडले. अळीला जे विष झाले ते आपल्याला तरतरी वाटते, याचे कारण आपला देह मोठा आणि कप लहान, एवढेच आहे. तेव्हा कप लहान ठेवावा, आणि ज्या झुडपाने तो भरला त्याच्या बाजूनेही कधीमधी विचार करावा, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो. बाहेर चहा तयार असल्याचे संयोजकांनी कळवले आहे. आमचेही घड्याळाकडे लक्ष आहेच.